दोन मीटरांचा हिशेब

(जबलपूर येथील कांचघर भागात रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय ‘वीज कायदे आणि कामगार’ असा छापला आहे. अध्यक्ष मघाशी मला हळूच म्हणाले, पेन्शनवर बोलणार असतात तर बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या असत्या. खरे आहे. ड्यूटी आटोपून, घरी चहा न घेता कायद्याची कलमे ऐकायला कोण येईल? तरी तुम्ही आलात. म्हणून कलमे कमी सांगतो आणि आधी दोन मीटरांची गोष्ट सांगतो.

मी नोकरीची बरीच वर्षे ट्रॅक्शनमध्ये काढली. आपल्या सब-स्टेशनात वीज मंडळाची १३२ किलोव्होल्टची लाइन येते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब २५ किलोव्होल्टवर आणतो आणि तिथून ती आपल्या ओव्हरहेड तारेवर चढते. त्या सब-स्टेशनात मीटर असते. महिन्यातून एकदा मंडळाचा माणूस यायचा, आमचा माणूस शेजारी उभा राहायचा, दोघे मिळून आकडा उतरवून घ्यायचे आणि सह्या करायचे. अशा सह्या मी पुष्कळ केल्या. संध्याकाळी घरी आलो की दाराशेजारी दुसरे मीटर. त्या मीटरचे बिल आले की बायको माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, एवढे कसे आले? मला वाटायचे, ही दोन मीटरे वेगळ्या जगातली आहेत. एक सरकारचे, एक माझे. हा माझा गैरसमज होता. सब-स्टेशनच्या मीटरला कोणता दर लावायचा यावर घरच्या मीटरचा दर अवलंबून असतो, आणि तो धागा कायद्यातून जातो. आज एवढेच सांगायला उभा आहे.

थोडे मागे जाऊ. इंग्रजांच्या काळात वीज हा शहरातल्या खाजगी कंपन्यांचा धंदा होता आणि त्याला १९१० चा कायदा होता. दिवे जिथे परवडतील तिथे तारा जात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खाते सांभाळत होते, हे आपल्याला माहीत असते. पण वीजही त्यांच्याकडे होती, हे पुष्कळ कार्यकर्त्यांनाही माहीत नसते. युद्धानंतरच्या वीज धोरणासाठी जी समिती नेमली तिची १९४३ च्या ऑक्टोबरमधली बैठक त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. वीज सरकारच्या मालकीची हवी की खाजगी, आणि ती स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल, हे प्रश्न त्यांनी तिथे मांडले. आणि त्यांचा कल कुणीकडे होता हे लपलेले नव्हते. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला. त्या वेळी वीज खात्याचे मंत्री होते आपले काकासाहेब गाडगीळ. त्या कायद्यातून राज्याराज्यांत वीज मंडळे झाली.

इथले म्हातारे लोक सांगतील, १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. राज्ये नव्याने पाडली तेव्हा राजधानी भोपाळला गेली, जबलपूरच्या वाट्याला हायकोर्ट आले आणि वीज मंडळ आले. रामपूरच्या शक्ती भवनाकडे बोट दाखवून आपले लोक म्हणत, राजधानी गेली तर गेली, वीज तर इथूनच सुटते! मंडळ काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. तोटा होता, चोरी होती, लाइनमनच्या जागा भरल्या जात नव्हत्या, आणि मंत्र्यांच्या गावाला आधी खांब जात होते. तरी एक गोष्ट होती. मोठ्या ग्राहकाकडून थोडे जास्त घेऊन लहान ग्राहकाला थोडे स्वस्त द्यायचे, हा सगळा हिशेब एकाच छताखाली होत होता.

१९९१ साली नवे आर्थिक धोरण आले आणि त्याच वर्षी १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. वीजनिर्मिती खाजगी आणि परदेशी भांडवलाला खुली झाली. १९९२ च्या अधिसूचनेने भागभांडवलावर १६ टक्के परतावा ठरवून दिला, तोही केंद्र ६८.५ टक्के क्षमतेने चालले तरी. त्यापेक्षा जास्त चालले तर वर बक्षीस! आपल्यापैकी कोणाच्या भविष्य निर्वाह निधीला असा परतावा मिळाला असेल तर हात वर करा.

त्या खिडकीतून पहिल्यांदा आत आले ते दाभोळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातला तो प्रकल्प, एन्‍रॉन कंपनीचा. १९९२ च्या जूनमध्ये प्राथमिक करार, १९९३ च्या डिसेंबरमध्ये वीजखरेदी करार. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदलले, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, आणि १९९६ मध्ये तोच प्रकल्प आणखी मोठा होऊन परत आला. कोकणातली गावे रस्त्यावर उतरली होती. आपल्या संघटनांनी तेव्हा सभा घेतल्या, पत्रके वाटली, आणि पुष्कळांनी आम्हाला विकासाचे शत्रू म्हटले. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज घ्या किंवा घेऊ नका, मंडळाने क्षमतेचा आकार भरायचाच, आणि बराचसा हिशेब डॉलरमध्ये. दोन वर्षांत महाराष्ट्राचे मंडळ टेकीला आले, २००१ च्या मेमध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्‍रॉनने दिवाळे काढले. मग २००५ साली सार्वजनिक कंपन्यांच्या पैशातून रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाची कंपनी काढून तो सांगाडा सरकारने उचलला. दाभोळ ध्यानात ठेवा. ते थोड्या वेळाने आपल्या जबलपूरच्या रुळांवर येणार आहे.

आता २००३. त्या वर्षीच्या १० जूनपासून नवा वीज कायदा लागू झाला आणि १९१० व १९४८ चे दोन्ही कायदे गेले. मंडळ मोडून निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्या करायच्या, दर आयोगाने ठरवायचे, आणि मोठ्या ग्राहकाला ‘खुला प्रवेश’ द्यायचा, म्हणजे त्याने वीज बाजारातून कुठूनही घ्यावी आणि तारेचे भाडे भरावे. आपल्याकडे हे काम १ जून २००५ पासून कंपन्यांकडे गेले. महाराष्ट्राचे मंडळही त्याच महिन्यात मोडले. शक्ती भवन तेच राहिले, दारावरच्या पाट्या वाढल्या. त्याआधीच, २००० साली छत्तीसगड वेगळा झाला तेव्हा कोरबाची आपल्या मंडळाची केंद्रे तिकडे गेली होती. २००३ ची निवडणूक इथे बिजली, सडक, पानी यावर लढली गेली, ती कशामुळे, हे ज्यांनी ते उन्हाळे काढले त्यांना सांगायला नको.

या कायद्यात एक गोष्ट मात्र चांगली लिहिलेली होती. मोठा ग्राहक बाहेर गेला तर तो जे जास्त पैसे देत होता ते बुडतात; म्हणून ४२ व्या कलमाने त्याच्यावर अधिभार बसवला. दाराबाहेर जा, पण जाताना मागे राहणाऱ्यांचा वाटा ठेवून जा. आणि ६१ व्या कलमात आधी असे होते की ही आपसातली सबसिडी कमी करत करत संपवायची. २००७ च्या दुरुस्तीत ‘संपवायची’ हा शब्द काढून टाकला गेला. एक शब्द गेला, पण लहान ग्राहकाच्या दृष्टीने तो हजार भाषणांच्या तोडीचा होता.

हे आकड्यात समजून घेऊ. आकडे मी मनाचे घेतो, हिशेब खरा आहे. समजा कंपनी १०० युनिट वीज पोहोचवते आणि दर युनिटला तिला ७ रुपये खर्च येतो. एकूण ७०० रुपये. रेल्वे आणि कारखाने ३० युनिट घेतात आणि ९ रुपये देतात. झाले २७०. राहिलेले ४३० रुपये बाकीच्या ७० युनिटांवर, म्हणजे घरे आणि छोटी दुकाने यांच्यावर पडतात: युनिटला सुमारे ६ रुपये १४ पैसे. आता रेल्वे आपली १० युनिटे घेऊन बाहेर गेली. तिच्याकडून मिळणारे वरचे २० रुपये गेले. ते त्याच ७० युनिटांवर बसले आणि आपला दर युनिटला २८-२९ पैशांनी चढला. शिवाय कंपनीने रेल्वेच्या भरवशावर ज्या केंद्रांशी पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार केले त्यांचा स्थिर आकार चालूच आहे. तोही कोणीतरी भरायचा आहे.

म्हणजे माझ्या सब-स्टेशनच्या मीटरवर बचत झाली की माझ्या घरच्या मीटरवर चढती. बायकोच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच सहीत होते म्हणा ना.

तर रेल्वेने केले काय? रेल्वे देशातल्या सर्वात मोठ्या वीजग्राहकांपैकी एक आहे. रेल्वेला वीज नवी नाही. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, आणि १९२९ साली ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचे चोळे वीजगृह बांधले. तुमच्यातल्या ज्यांचे नातेवाईक कल्याण-डोंबिवलीत आहेत त्यांनी त्याची धुराडी पाहिली असतील. पुढे रेल्वे मंडळांकडून वीज घेऊ लागली आणि तिला चढा दर लागू लागला. रेल्वेने २००३ च्या कायद्यातल्या १४ व्या कलमाचा आणि १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या ११ व्या कलमाचा आधार घेतला आणि म्हटले, आम्ही केंद्र सरकार आहोत, आम्ही ग्राहक नाही, आम्ही स्वतःच परवानाधारक. २०१४ च्या मेमध्ये ऊर्जा मंत्रालयाने तसे पत्र दिले, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आयोगाने रेल्वेच्या बाजूने आदेश दिला. परवानाधारक म्हटले की ४२ व्या कलमाचा अधिभार नाही. आणि लगेच रेल्वेने पहिला मोठा सौदा केला तो कोणाशी? त्याच दाभोळशी! ५०० मेगावॉट, युनिटला ४ रुपये ७० पैसे, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि झारखंड या राज्यांतल्या गाड्यांसाठी. ज्या प्रकल्पाविरुद्ध आम्ही पत्रके वाटली त्याची वीज आमच्याच इंजिनात आली. अर्थात वीज काही नर्मदेसारखी एका काठाने वाहत येत नाही. जाळ्यात एका टोकाला ओतायची, दुसऱ्या टोकाला काढायची, आणि दर पंधरा मिनिटांचा हिशेब ठेवायचा. वीज आली ती हिशेबात आली.

राज्यांच्या वितरण कंपन्या हे मान्य करीनात. भांडण आयोगांपासून अपीलीय न्यायाधिकरणापर्यंत गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने रेल्वेच्या विरुद्ध निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा की रेल्वे वीज आणते ती स्वतःच्या वापरासाठी, लोकांना विकण्यासाठी नव्हे. म्हणून ती वितरक नाही, ग्राहक आहे आणि अधिभार देणे लागते. रेल्वे त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. दरम्यान रेल्वेने दुसरीही वाट काढली होती. बिहारमध्ये नबीनगरला १००० मेगावॉटचे केंद्र एनटीपीसीबरोबर उभारले, त्यात रेल्वेचा वाटा २६ टक्के. २६ च का? तर स्वतःचे केंद्र म्हणवून घ्यायला नियमाप्रमाणे किमान २६ टक्के मालकी लागते, आणि स्वतःच्या केंद्राच्या विजेवर अधिभार नाही. कायदा वाचणारी माणसे रेल भवनातही आहेत, बरे का!

इकडे आपला पश्चिम मध्य रेल्वे झोन २०२१ पर्यंत संपूर्ण विद्युतीकृत झाला. गोंदियाची ती आपली छोटी गाडी गेली, रुंद रूळ आले, वर तार आली. डिझेलचा धूर गेला, हे चांगलेच झाले. बीनाला तर २०२० मध्ये सौर पॅनेलची वीज थेट ओव्हरहेड तारेवर चढवून पाहिली. पण डिझेल शेडमधल्या भावांना कुठे पाठवायचे, याचा विचार तितक्या वेगाने झाला नाही. तो वेगळ्या सभेचा विषय आहे.

आता मूळ धोका सांगतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने वीज कायद्याच्या नव्या दुरुस्तीचा मसुदा प्रसृत केला. त्यात म्हटले आहे की कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्याकडून घेतली जाणारी आपसातली सबसिडी पाच वर्षांत पूर्ण संपवायची. २००७ साली काढलेला तो शब्द दुसऱ्या दाराने आत आला. यापूर्वी २०२२ च्या ऑगस्टमध्ये असेच एक विधेयक लोकसभेत मांडले होते. वीज कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी विरोध केला, ते स्थायी समितीकडे गेले आणि तिथेच त्याची मुदत संपली. म्हणजे विरोध केल्याने काही होत नाही, असे कोणी म्हणू नये. २०२३ च्या जानेवारीत महाराष्ट्रात भांडुप परिमंडळात खाजगी कंपनीने समांतर परवाना मागितला तेव्हा तिथले वीज कर्मचारी संपावर गेले आणि सरकारला त्याच दिवशी बोलणी करावी लागली.

मी हे कटनीच्या एका सभेत मांडले तेव्हा लोको शेडचा एक तरुण साथी उभा राहिला आणि म्हणाला, काका, रेल्वेचे पैसे वाचले तर ती आपलीच बचत. रेल्वे तोट्यात गेली की आपल्याच जागा कमी होतात. मग रेल्वेच्या बचतीला तुम्ही विरोध का करता? प्रश्न खोटा नाही. त्याला झटकून टाकणारा पुढारी मी नाही. मीसुद्धा रेल्वेचेच मीठ खाल्ले आहे. रेल्वेने महाग वीज का घ्यावी, प्रवाशाच्या आणि मालाच्या भाड्यातून घमापूरच्या शिंप्याला स्वस्त वीज का द्यावी, हा न्याय्य प्रश्न आहे. माझे उत्तर एवढेच होते: रेल्वेचा भार कमी करा, पण तो कुठे ठेवणार ते आधी लिहून द्या. कायद्यात ६५ वे कलम आहे. राज्य सरकारला कोणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर तिचे पैसे सरकारने कंपनीला आगाऊ द्यायचे. आपल्या राज्यात २०१९ पासून महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात, ते याच वाटेने. मग रेल्वेचा वाटा पाच वर्षांत काढायचा असेल तर तेवढाच वाटा तिजोरीतून घालायची तरतूद त्याच विधेयकात का नाही? तो पोरगा म्हणाला, हे पटते, पण तिजोरी रिकामी असली तर? त्यावर माझ्याकडे टाळ्या घेणारे उत्तर नव्हते. थकलेल्या सबसिडीच्या व्याजापायी वितरण कंपन्या कशा पोखरल्या जातात, हे आपण पाहिले आहे. म्हणून तर हिशेब उघड्यावर झाला पाहिजे, असे मी म्हणतो.

उघड्यावर हिशेब करायची जागा कायद्यातच आहे. ६४ व्या कलमाप्रमाणे कंपनी दरवाढीचा अर्ज प्रसिद्ध करते, लोकांच्या हरकती मागवते, आणि आयोगाने १२० दिवसांत, त्या हरकती विचारात घेऊन, निर्णय द्यायचा असतो. उद्योगांच्या संघटना तिथे वकील आणि सनदी लेखापाल घेऊन येतात. रेल्वेचे अधिकारी फायली घेऊन येतात. आमच्या कॉलनीतला माणूस मात्र बिल आल्यावर कोपऱ्यावरच्या पानवाल्याजवळ हरकत नोंदवतो! मी स्वतः एका सुनावणीला गेलो तेव्हा घरगुती ग्राहकांच्या वतीने बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यात एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी फक्त चार वर्षांची आपली बिले टेबलावर मांडली आणि विचारले, युनिट तितकेच, मग स्थिर आकार का चढत गेला? सभागृहात त्या दिवशी तेवढाच प्रश्न सगळ्यांना समजला.

टपाल खात्यातल्या साथींना वाटत असेल, हे रेल्वेचे भांडण, आमचा काय संबंध? तुमच्या घरी वीज नाही का? शिवाय २०२४ मध्ये छतावरच्या सौर विजेची सूर्यघर योजना आली तेव्हा घरोघर जाऊन नोंदणी करायला पोस्टमनलाच धाडले. तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. योजना वाईट नाही. पण पोस्टमनने दुसऱ्यांच्या छतांची नोंद केली, आणि स्वतः भाड्याच्या खोलीत किंवा सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, त्याला छतच नाही. ज्याचे छत त्याची वीज स्वस्त झाली, तो कंपनीकडून कमी वीज घेऊ लागला, आणि तारेचा-खांबाचा खर्च पुन्हा बिनछताच्या माणसाकडे सरकला. दिशा तीच, बघा.

प्रीपेड स्मार्ट मीटरबद्दल चिठ्ठ्या आल्या आहेत. थोडक्यात सांगतो. ४७ व्या कलमाप्रमाणे प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव घेता येत नाही. मीटर बसवायला आले की तुमची जुनी ठेव कशी परत करणार ते लेखी विचारा. आणि २०२३ च्या नियमांप्रमाणे स्मार्ट मीटर लागल्यावर दिवसाच्या वेळेनुसार दर लागू करता येतो: उन्हाच्या तासांत स्वस्त, संध्याकाळी महाग. आपल्या बायका संध्याकाळीच मिक्सर लावतात आणि मुले संध्याकाळीच अभ्यासाला बसतात. दुपारी दोन वाजता कपडे धुवायला घरी कोण असते, हे नियम करणाऱ्यांनी विचारले नाही.

आता कामाचे. बाहेर टेबलावर हरकतीचा नमुना ठेवला आहे, मराठीत आणि हिंदीत. मराठीतला वाचून समजून घ्या, हिंदीतला भरा. त्याला मागच्या बारा महिन्यांच्या बिलांची झेरॉक्स जोडा. ज्यांचे मीटर वितरण कंपनीचे आहे त्यांनी आपला ग्राहक क्रमांक घाला. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांचे मीटर रेल्वेचे, बिल पगारातून कापले जाते, कंपनीच्या यादीत त्यांचे नाव नसते. त्यांनी लाल वहीत नाव आणि क्वार्टर नंबर लिहा, त्यांचा अर्ज युनियनतर्फे वेगळा जाईल. हरकती मुदतीच्या आत स्पीड पोस्टाने पाठवायच्या आहेत. रजिस्ट्री तर २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन केली, त्याचे दुःख मी तुम्हाला काय सांगावे. पोच पावत्या शाखेत जमा करा. सुनावणीला बोलायला प्रत्येक कॉलनीतून दोन माणसे हवीत, आणि त्यातली एक बाई असली तर मला बरे वाटेल, कारण बिल तीच बघते.